स्थलांतर आणि संस्कृती : हुबळी-धारवाडच्या निमित्ताने



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य मला लाभले. जून महिन्यात नवे प्रवेश सुरू झाले की ते स्वतः जनरल रजिस्टर पुढे घेऊन बसत. त्या रजिस्टरात 'मातृभाषा' असा एक रकाना असे. पालकाने पटकन उत्तर दिले तर प्रश्न नव्हता. पण आपल्या या गावात पालक पुष्कळदा घुटमळत. वडील म्हणत मराठी, आजी म्हणे कन्नड, आणि मूल तिसऱ्याच भाषेत रडत असे. अशा वेळी सर टाक खाली ठेवून विचारीत, "आई रागावते ती कोणत्या भाषेत?" जे उत्तर येई ते रकान्यात जाई. भाषाशास्त्राचे अनेक ग्रंथ मी पुढे वाचले. तथापि मातृभाषेची यापेक्षा व्यवहार्य कसोटी मला आढळली नाही.

भारतासारख्या बहुविध राष्ट्राची संस्कृती स्थलांतराने कशी घडते, हा विषय फार मोठा आहे. तो सबंध पेलण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून मी तो आपल्या जुळ्या शहरांपुरता आणि भोवतालच्या परिसरापुरता मर्यादित करून घेतला आहे. माझे स्वतःचे आजोबा कोल्हापूरकडून हुबळीच्या रेल्वे कारखान्यात कामाला आले. तेव्हा विषयापासून अलिप्त राहण्याचा आव मी आणणार नाही.

स्थलांतराविषयी बोलताना आपण सर्व स्थलांतरितांना एकाच मापाने मोजतो, ही मोठी चूक आहे. कोणी हुकूम घेऊन येतो, कोणी गाठोडे घेऊन येतो. दोघेही परगावचेच, परंतु गावावर उमटणारा त्यांचा ठसा भिन्न असतो. आपल्या मराठीचेच पाहा. ती धारवाडात या दोन्ही मार्गांनी आली. मराठीचा प्राध्यापक म्हणून मला हे थोडे अवघडल्यासारखे होते, पण सांगितले पाहिजे.

१७९१ साली परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजांच्या साह्याने धारवाडचा किल्ला टिपूच्या सरदाराकडून घेतला. पेशवाई बुडाल्यावर हा मुलूख मुंबई इलाख्यात गेला. राज्यकर्ते बदलले, पण दप्तर मराठीच राहिले. मोडी लिहिणारे कारकून तेच राहिले. पुढे सरकारी शाळा निघाल्या त्याही मराठीच्या. ज्या मुलाच्या घरी, शेतात आणि बाजारात कन्नड चाले, त्याला अक्षरओळख मात्र मराठीतून करून घ्यावी लागे. वॉल्टर एलियट यांच्यासारख्या इंग्रज अधिकाऱ्याने कन्नड शाळेचा पुरस्कार केला. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षणखात्यातील डेप्युटी चन्नबसप्पा यांनी या भागातील शाळा कन्नड करण्यासाठी आयुष्य वेचले. १८९० साली धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला. त्याचे प्रवर्तक रा. ह. देशपांडे. आता 'देशपांडे' हे नावच मराठी दप्तरातील हुद्द्याचे! आलूर वेंकटराव, ज्यांना कर्नाटकाचे कुलपुरोहित म्हणतात, ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. तेथील मराठी अस्मितेचे दर्शन घेऊन ते परतले आणि ती तळमळ त्यांनी आपल्या भाषेच्या कामी लावली. म्हणजे मराठीच्या वर्चस्वाला उत्तर देण्याची रीतही काही अंशी मराठीपासूनच घेतली गेली.

ते उत्तर न्याय्य होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पाहुणा म्हणून आलेली भाषा यजमानाच्या मुलाला त्याच्या भाषेत शिकू देत नसेल, तर ती पाहुणी राहिलेली नसते. हुकमाने आलेली मराठी हुकूम संपताच गेली. कचेऱ्यांतील मोडी दप्तरे आज बासनात पडून आहेत आणि ती वाचू शकणारी माणसे बोटांवर मोजावीत इतकी उरली आहेत.

पण गाठोड्यातून आलेली मराठी गेली नाही. धारवाडकडच्या कन्नडात 'खरे', 'पगार', 'चहा' हे शब्द इतके मुरले आहेत की बोलणाऱ्याला ते उसने वाटत नाहीत. बेंगळुरूचा माणूस त्यांना हसतो. इकडचा माणूस त्याच शब्दांवरून आपला माणूस ओळखतो. उलट दिशेनेही तेच. आपण अण्णा, अक्का म्हणतो, अडकित्त्याने सुपारी कातरतो, वरणभातावर तूप वाढतो, आणि यांतील शब्द द्राविडी भाषांकडून आले असावेत हे आपल्या ध्यानीमनीही नसते. धारवाडचे थोर संशोधक शं. बा. जोशी यांनी 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हा ग्रंथ मराठीतच लिहिला आणि महाराष्ट्राच्या जुन्या थरांत कन्नडाचा किती वाटा आहे याची चर्चा केली. त्यांची सर्वच मते विद्वानांनी मान्य केली नाहीत. मलाही काही ठिकाणी ते ताणतात असे वाटते. पण ज्या विठोबाला ज्ञानदेवांनी 'कानडा' म्हटले, त्याच्या पायाशी रोज डोके ठेवणाऱ्यांनी हा प्रश्न टाळला होता, आणि तो शंबांनी विचारला.

शब्द उसने घेणे सोपे असते, वाक्याची घडण बदलणे कठीण. ती सुद्धा बदलते याचा पुरावा सांगली-मिरजेजवळच्या कुपवाड गावाने दिला. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्या गावची कन्नड, मराठी आणि उर्दू तपासली. शिष्ट कन्नडात 'हे माझे घर' एवढेच म्हणून वाक्य पुरे होते, 'आहे' लागत नाही. कुपवाडच्या कन्नडाने मराठीसारखे क्रियापद जोडून घेतले. शेकडो वर्षे शेजारी राहिलेल्या या भाषांची वाक्ये एकमेकांवर जवळजवळ शब्दाला शब्द बसतात, असे त्यांना आढळले. मात्र येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वाक्याचा साचा एक झाला तरी तेथील लोकांनी घरातली भाषा टाकली नाही. जैन घरात कन्नडच राहिली, मुसलमान घरात उर्दूच. मिसळणे म्हणजे विरघळणे नव्हे, याचे इतके शास्त्रशुद्ध उदाहरण क्वचितच मिळेल.

आता रंगभूमीकडे वळू. १८४२ च्या सुमारास उत्तर कन्नड भागातील भागवत मंडळी खेळ करीत सांगलीला पोहोचली. तो यक्षगानाचा खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले आणि १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभे राहिले. मराठी रंगभूमीचा जन्म हा असा फिरत्या कन्नड नटांच्या पायांनी आला. पुढे चक्र उलटे फिरले. मराठी नाटक मंडळ्या धारवाड, हुबळी, गदग असे मुक्काम करीत हिंडू लागल्या आणि त्यांची लोकप्रियता पाहून गदगच्या शांतकवींनी, म्हणजे सक्करी बाळाचार्यांनी, कन्नड नाटके लिहून स्वतःची मंडळी काढली. तिसरा फेरा तर आपल्या अगदी जवळचा आहे. १८८० साली पुण्यात 'शाकुंतल' करून ज्यांनी मराठी संगीत नाटकाला रूप दिले, ते अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. शं. बा. जोशीही त्याच गावचे. एकाच गावच्या मातीतून एकाने मराठी रंगभूमी घडवावी आणि दुसऱ्याने मराठीला तिची कानडी मुळे दाखवावीत! मूळ कोणाचे आणि उसने कोणाचे, हे ठरवायला बसलेल्या माणसाला येथे दोर सापडत नाही.

संगीताची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे, परंतु तिची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. उत्तरेतील कैरान्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले. म्हैसूर दरबारच्या वाटेवर त्यांचे या भागात मुक्काम पडत. कुंदगोळचे गाव तेव्हा जमखंडी संस्थानात होते. तेथील नाडगीरांच्या वाड्यात खाँसाहेबांचे वास्तव्य होई. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य झाले. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई हनगल शिकल्या, भीमसेन जोशी शिकले. मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मिरजेचे नीलकंठबुवा यांच्याकडे शिकले आणि मग अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्यात मंजी खाँ व बुर्जी खाँ यांच्याकडे गेले. उत्तरेकडचे गाणे, मराठी संस्थानिकांचा आश्रय, मराठी नाटकाचा श्रोता आणि कन्नड गळा, अशा चार वाटा येथे एकत्र आल्या. त्यांतील एकही वाट कोणी आखून दिली नव्हती.

हे सगळे आपण अभिमानाने सांगतो. पण गंगूबाईंच्या आई अंबाबाई कर्नाटकी संगीताच्या उत्तम गायिका होत्या. मुलीच्या हिंदुस्तानी गळ्यावर आपल्या गाण्याची छाया पडू नये म्हणून त्या माउलीने स्वतःचे गाणे थांबवले. मुलीला शिकता यावे म्हणून १९२८ साली हे कुटुंब धारवाड सोडून हुबळीला आले. संस्कृतिसंगमाचे गोडवे गाताना मला अंबाबाईंच्या त्या मौनाची आठवण होते. त्या घरात एक थोर गाणे आले, त्यासाठी दुसरे एक गाणे गेले. जे आले त्याचे ध्वनिमुद्रण आहे. जे गेले ते कोणी ऐकायचे?

व्यापार आणि खाद्यपदार्थ यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते आपल्या रोजच्या पाहण्यातले आहे. धारवाडचा पेढा उत्तर प्रदेशातील उन्नावहून, प्लेगच्या भीतीने निघालेल्या ठाकूर कुटुंबाने आणला. त्याला दूध लागले ते गवळीगल्लीतल्या म्हशींचे. आज त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, म्हणजे परदेशी आलेला पदार्थ कायद्यानेच येथला झाला. आपल्या काळ्या जमिनीतील ज्या कापसाने हुबळीची बाजारपेठ वाढवली, त्यातील एक प्रसिद्ध वाण 'धारवाड-अमेरिकन' या नावाने ओळखले जाई. त्याचे बी १८४० च्या दशकात अमेरिकेहून आले होते. सदर्न मराठा रेल्वेने कारखाना हुबळीला काढला तेव्हा तमिळ, तेलुगू, अँग्लो-इंडियन, मराठी अशी कुटुंबे एकाच वसाहतीत आली. माझी आजी रेल्वे वसाहतीतील तमिळ शेजारणीकडून सांबार शिकली आणि तिला थालीपीठ शिकवले. दोघींना जोडणारी भाषा होती मोडकी कन्नड. दोघींपैकी एकीचीही ती नव्हती, हे विशेष.

येथवर मी हुकूम आणि गाठोडे या दोहोंविषयी बोललो. परंतु ज्यांच्या हाती दोन्ही नव्हते त्यांना वगळून हा विषय पुरा होत नाही. कलघटगी, हल्याळ, यल्लापूरच्या रानात सिद्दी राहतात. त्यांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणले. तेथून निसटून ते सह्याद्रीच्या जंगलात शिरले. ते हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि त्यांच्यातील अनेकांची बोली कोकणीला जवळची असून तीत मराठी-कन्नड मिसळली आहे. भाषा गेली, नावे गेली, तरी दमामी नावाचे ढोल राहिले. अनुसूचित जमाती म्हणून त्यांना मान्यता मिळण्यास २००३ साल उजाडावे लागले. हुबळीपासून तास-दीड तासाच्या वाटेवर मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. गांदेन आणि द्रेपुंग हे त्यांचे महाविहार तेथे नव्याने उभे राहिले. तिबेटी भिक्षू हुबळीच्या बाजारात कन्नडात भाव करताना आपण पाहतो. एकांना साखळदंडांनी आणले, दुसऱ्यांना देश सोडावा लागला. पण दुसऱ्यांना जमीन, शाळा आणि एकत्र राहण्याची मुभा मिळाली, म्हणून त्यांचे ग्रंथ टिकले. सिद्दींना यांपैकी काहीच मिळाले नव्हते. स्थलांतरित आपले काय टिकवतो हे केवळ त्याच्या निष्ठेवर अवलंबून नसते, हे या दोन शेजाऱ्यांकडे पाहिले की कळते.

साहित्याविषयी बोलल्यावाचून मराठीच्या माणसाला राहवणार नाही. द. रा. बेंद्रे १८९६ साली धारवाडात जन्मले. घराणे कोकणातून आलेले, घरची भाषा मराठी. 'नाकु तंती' या काव्यसंग्रहासाठी १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना मिळाले. त्यांच्या कवितेची भाषा ग्रांथिक नव्हे. ती धारवाडच्या पेठेतली, जोगत्यांची, बायाबापड्यांची कन्नड आहे. मला वाटते, घरात दुसरी भाषा असल्यामुळेच त्यांचा कान गल्लीतल्या कन्नडाकडे टवकारलेला राहिला. जन्मजात बोलणाऱ्याला आपल्या बोलीचे नवल वाटत नाही. त्यांनी मराठीही सोडली नाही. त्यांच्या 'संवाद' या मराठी ग्रंथाला १९६५ साली केळकर पारितोषिक मिळाले.

याच गावात जी. ए. कुलकर्णी सुमारे तीस वर्षे इंग्रजी शिकवीत राहिले आणि त्यांनी मराठी कथेला जी खोली दिली ती पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळांपासून दूर राहून दिली. भोवती कन्नड, वर्गात इंग्रजी, आणि लेखनाच्या टेबलावर मराठी! त्यांची मराठी रोजच्या वापराने झिजलेली नाही, याचे कारण मला या एकांतात दिसते. गिरीश कार्नाड माथेरानला जन्मले, शिरशी आणि धारवाडात वाढले, घरी कोकणी बोलले आणि नाटके कन्नडात लिहिली. त्यांचे 'ययाती' १९६१ साली धारवाडच्याच मनोहर ग्रंथमालेने प्रसिद्ध केले. तिघांनीही घरची भाषा एक आणि भोवतालची दुसरी अशा स्थितीत लेखन केले. बेंद्रे आणि कार्नाड भोवतालच्या भाषेकडे गेले, जी. ए. घरच्या भाषेत राहिले. कोणता मार्ग श्रेष्ठ, असा प्रश्न मला विद्यार्थी विचारीत. मी त्यांना तिघांची पुस्तके वाचायला सांगत असे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी धारवाड मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. वडील सांगत की त्या दिवशी कचेरीत कोणी पेढे वाटले, कोणी वाटले नाहीत, आणि दोन्ही गट संध्याकाळी एकाच खानावळीत जेवले. त्याच वर्षी घटनेच्या सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५०क आला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे तो सांगतो. सीमा आखणाऱ्यांना ठाऊक होते की कोणतीही रेघ माणसांना पुरती वेगळी करू शकत नाही. म्हणून रेघेबरोबरच ही तरतूद आली. तरीही या शाळेच्या मराठी तुकड्या एकेक करून बंद झाल्या, हे आपण सारे जाणतो. त्या कोणी हुकमाने बंद केल्या नाहीत. आपणच मुले कन्नड वा इंग्रजी शाळेत घातली. माझे नातवंड मराठी समजते, वाचत नाही. मला याचे दुःख आहे आणि मी ते लपवीत नाही. पण ज्या माणसाला १८५० साली आपले मूल मराठी शाळेत घालावे लागले, त्याचे दुःख याहून मोठे होते, कारण त्याला निवड नव्हती.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी महाराष्ट्रात गेलो तेव्हा माझ्या बोलण्यातला हेल ऐकून सहाध्यायी मला 'कानडी' म्हणत. सुटीत येथे आलो की शेजारी 'मराठी मंदी' म्हणत. तरुणपणी दोहोंचा राग येई. पुढे शिकवू लागल्यावर कळले की ज्ञानेश्वरीतील कित्येक शब्द मला कोशावाचून लागत, ते केवळ या हेलामुळे.

आता एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधून थांबतो. आज आपल्या जिल्ह्यातूनही माणसे बाहेर जात आहेत. गोव्यातील बांधकामावर, मासळीबंदरांवर, पुण्यातील इमारतींच्या पायाड्यांवर उत्तर कर्नाटकातील मजूर मोठ्या संख्येने आहेत. तेथील वृत्तपत्रांत त्यांच्याविषयी जी भाषा वापरली जाते, ती शंभर वर्षांपूर्वी आपल्या आजोबांविषयी येथे वापरली गेली असती तर आपण आज या सभागृहात नसतो. महाराष्ट्रात स्थायिक झालेले या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज समोर आहेत. पुण्यातल्या तुमच्या इमारतीचा रखवालदार बदामी-गदगकडचा असेल, तर त्याच्याशी दोन वाक्ये कन्नडात बोला. ती तुम्हाला येतात.

शाळेच्या कपाटात जुनी जनरल रजिस्टरे आहेत. स्वातंत्र्यापूर्वीच्या काही नोंदी मोडीत आहेत. मूळ गाव, वडिलांचा धंदा, मातृभाषा असे रकाने त्यांत आहेत, आणि काही ठिकाणी आपल्या सरांच्या हस्ताक्षरात एक भाषा खोडून दुसरी लिहिलेली आहे. कागद ठिसूळ झाला आहे. मला मोडी वाचता येते आणि डोळे अजून साथ देत आहेत. माजी विद्यार्थी संघाने दोन-तीन तरुण मदतीला दिले, तर येत्या उन्हाळ्याच्या सुटीत आपण त्या नोंदी देवनागरीत आणि कन्नडात उतरवून काढू. मी सकाळी आठपासून मोकळा असतो.